कृष्णरावांची बुद्धवंदना

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांच्यावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा नाट्यगृहाच्या पहिल्या चार रांगांत बसून लिहिलेले असते. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतली कारकीर्द, ‘कान्होपात्रे’च्या आणि ‘कुलवधू’च्या चाली, ‘प्रभात’चे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’, १९७१ चे पद्मभूषण. एवढे सांगितले की गौरव पुरा झाला. यातले खोटे काही नाही. पण चांद्याकडून पाहणाऱ्याला तो अपुरा वाटतो.

१९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १६ तारखेस चांद्यास आले आणि तेथेही दीक्षा झाली. चंद्रपूरच्या त्या दीक्षाभूमीवर आजही दर ऑक्टोबरात माणसे लोटतात, गडचिरोलीच्या आतल्या खेड्यांतूनही येतात. त्याच सुमारास बाबासाहेबांच्या सांगण्यावरून कृष्णरावांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. त्यासाठी ते पाली शिकले; ध्वनिमुद्रिकाही निघाली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. बखल्यांच्या तालमीतून ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशी तिहेरी दौलत घेऊन आलेला हा गवई. एका ओळीतून दहा वाटा काढणे ही त्याच्या गळ्याची चैन. वंदनेत मात्र शरण जाण्याचे शब्द तीनदा म्हणायचे असतात. बैठकीत तीच ओळ तीनदा आली तर गवई दर खेपेला तिचा चेहरा बदलील, न बदलला तर श्रोता जांभई देईल. इथे तीनदा म्हणणे हा निश्चय आहे. त्यात हरकत घेतली की निश्चय डळमळला. शिवाय म्हणणारा कोण? ज्याला कालपर्यंत देवळाची पायरी चढू दिली नव्हती तो. त्याला ना तालीम, ना पाली, ना साथीला पेटी. त्याच्या तोंडी बसेल इतकी चाल साधी करायची आणि तिचा आब मात्र राखायचा! मला वाटते, नाट्यपद बांधण्यापेक्षा हे कठीण आहे.

याची पूर्वतयारी ‘वंदे मातरम्’ने करून घेतली होती. झिंझोटीतली ती चाल चारचौघांना गाता यावी, बँडवर वाजावी, म्हणून कृष्णराव वर्षानुवर्षे झटले. दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांना त्यांनी ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून ‘जनगणमन’ ठरले. ती हार मराठी रसिकाला अजून बोचते, आणि प्रत्येक स्मरणलेखात तिला दोन परिच्छेद मिळतात. बुद्धवंदनेची बोळवण एका वाक्यात होते. त्याचे कारण संगीतात शोधून सापडायचे नाही. ते वस्त्यांत आहे. परीक्षण लिहिणारा एका आळीत राहतो, वंदना म्हणणारा दुसऱ्या.

झाडीपट्टीत हा भेद इतका टोकदार नाही. दिवाळीनंतर मंडया भरतात, वडशाच्या मंडळ्यांची नाटके रात्रभर चालतात, आणि त्यांतली पदे ऐकणाऱ्यांत दीक्षाभूमीवरून आलेलेही असतात. कृष्णरावांच्या स्मृतीचा एक तरी कार्यक्रम पुण्यामुंबईबाहेर, १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात व्हावा. नाट्यपदे हवी तेवढी गावीत; पण आधी वंदना.