‘डोंगरी ते दुबई’ : वैनगंगेच्या काठावरून

डोंगरी म्हटलं की भंडाऱ्यात निम्म्या लोकांना तुमसरकडची डोंगरी बुजुर्ग आठवते, मँगनीजच्या खाणीची. आज आपण बोलणार आहोत ती मुंबईतली डोंगरी. एस. हुसेन झैदी यांचं ‘डोंगरी टू दुबई’ २०१२ साली आलं. मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास कुठे वाचायचा असं कुणी विचारलं, की अजूनही लोक याच पुस्तकाकडे बोट दाखवतात. पुस्तक हातातून सुटत नाही, हे आधीच मान्य करू. करीम लाला, हाजी मस्तान, वरदराजन, मग दाऊद. साठ वर्षांचा एवढा पसारा एका जागी आणणं सोपं काम नाही.

आमची तक्रार दुसरीच आहे. हा नावांचा इतिहास आहे. कोण कुणाचा उजवा हात, कुणी कुणाला कुठे गाठलं, कुणाचा बदला कुणी घेतला. प्रसंग सिनेमासारखे रंगवलेले, संवादांसकट. ते संवाद ऐकायला तिथे कोण होतं हो? अशी माहिती एक तर पोलिसांकडून येते, नाहीतर टोळीवाल्यांकडून. आणि समोरचा गुंड मोठा करून सांगण्यात दोघांचाही फायदा असतो.

मालाकडून वाचलं तर काय दिसतं, बघा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बाजार मिळाला. १९६८ च्या सोने नियंत्रण कायद्याने चोरट्या सोन्याला भाव आणला. तो कायदा १९९० ला रद्द झाला आणि सोन्याच्या तस्करीतली जुनी कमाई आटू लागली. मस्तान नसता तर त्याच बंदरात दुसरा कुणी उभा राहिला असता, कारण सोनं घेणारं गिऱ्हाईक जागेवरच होतं. ते गिऱ्हाईक या पुस्तकात जवळजवळ नाहीच.

जानेवारी १९८२ घ्या. ११ तारखेला वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. एका गोष्टीवर मोठा हिंदी सिनेमा निघाला. दुसरी या प्रकारच्या पुस्तकांमध्ये पार्श्वभूमी म्हणून येते, दोन ओळीत जाते. पण टोळ्यांना पोरं कुठून मिळाली, हे समजायचं असेल तर दुसरीच गोष्ट कामाची. त्यासाठी आम्ही जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक पुढे ठेवू. एक गिरणी कामगाराचं घर, आई, मुलगी, तीन मुलगे. त्यातला नरू टोळीत जातो. पवार त्याला ना नायक करतात, ना राक्षस. घरात पगार येणं थांबलंय, एवढं आपल्याला सतत दिसत राहतं. गुन्हेगारीचा इतिहास म्हणून हे नाटक कुणी वाचत नाही. वाचायला पाहिजे.

शिकागोचंही तसंच झालं. जगाला अल कपोन माहीत आहे, १९३१ मध्ये आयकर चुकवल्याबद्दल शिक्षा झालेला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२९ मध्ये, जॉन लँडेस्को नावाच्या अभ्यासकाने त्या शहरातल्या संघटित गुन्हेगारीवर अहवाल लिहिला होता. गुंड हा त्याच्या वस्तीतून घडतो आणि राजकारणाच्या आधाराने टिकतो, असं त्याने मांडलं. तो अहवाल अभ्यासकांच्या कपाटात राहिला, कपोन पडद्यावर गेला.

आता हे सगळं भंडाऱ्यात कशाला? आपल्याकडे १९८१ चा एक कायदा आहे, लोक त्याला एमपीडीए म्हणतात. त्याचं पूर्ण नाव एकदा सावकाश वाचा. सुरुवातीला त्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले होते. पुढे नावं वाढत गेली. व्हिडिओची चोरी करणारे आले, काळाबाजारवाले आले, आणि वाळू तस्कर आले. चाळीस वर्षांचा मालाचा इतिहास एका कायद्याच्या शीर्षकात! आम्हाला तरी याहून नेमकं प्रकरण कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

कायदा वाळू म्हणतो, आपण रेती म्हणतो. वैनगंगेच्या रेतीला नागपूरपर्यंत मागणी आहे. रात्रीचे टिप्पर कुणी पाहिले नाहीत असं गाव नदीकाठी शोधावं लागेल. पण यावर आपण बोलतो कसं? झैदींच्याच भाषेत. अमक्या घाटाचा अमका डॉन, त्याच्या किती गाड्या, साहेबाशी त्याचं कसं जमतं. पोरं त्याचे व्हिडिओ बघतात. २०२३ मध्ये सरकारने ६०० रुपये ब्रासने रेती विकायचं धोरण आणलं, तेव्हा खरं तर भावाची, पुरवठ्याची, घरकुलवाल्याच्या अडचणीची चर्चा व्हायला हवी होती. चौकात चर्चा झाली ती आता कोणता गडी बसणार याचीच.

ज्या दिवशी कुणी भंडाऱ्याच्या रेतीचं पुस्तक लिहील, त्या दिवशी त्यात टिप्परचा ड्रायव्हर किती मजुरीवर रात्र काढतो, घाटाच्या लिलावाची बोली कशी लागते, आणि ती रेती कुणाच्या स्लॅबमध्ये गेली, ही तीन प्रकरणं आम्ही आधी उघडून बघू. डॉनचं प्रकरण शेवटी वाचलं तरी चालेल.