न कळलेला विनोद आणि आपला वाचक

विनोद कळणे ही बुद्धीची खूण आणि न कळणे ही बुद्धीच्या उणिवेची खूण, असा समज आपल्या सुशिक्षित समाजात पक्का रुजलेला आहे. मराठी समीक्षेने विनोदाची चर्चा पुष्कळ केली. विसंगती, अतिशयोक्ती, शाब्दिक कोटी असे त्याचे प्रकार पाडले. परंतु ज्याला विनोद कळत नाही त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. विचारणार तरी कोण? समीक्षा लिहिणारे बहुतेकजण हसणाऱ्यांच्या बाकावरच बसलेले होते.

प्रस्तुत लेखक गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यातून शिकायला आला. घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारा तो पहिलाच. बारावीच्या विज्ञान वर्गात एकदा सरांनी अणूवर इंग्रजीतून काही विनोद केला. पुढचे बाक हसले. मीही हसलो, पण क्षणभर उशिरा. विनोद मला कळला नव्हता. मात्र तो न कळणे लपवले पाहिजे, एवढे लख्ख कळले होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे अर्धे शिक्षण या उशिरा हसण्यात जाते. पुढे मी मराठीकडे वळलो, तरी तो क्षण मनातून गेला नाही. एका अमेरिकन व्यंगचित्राची हकिकत वाचनात आली, तेव्हा त्या क्षणाकडे नव्याने पाहता आले.

गॅरी लार्सन यांची 'द फार साइड' ही एकचौकटी व्यंगचित्रमालिका जानेवारी १९८० ते जानेवारी १९९५ या काळात वृत्तपत्रांतून येत होती. प्राणी, कीटक, प्रयोगशाळा, आदिमानव, उत्क्रांती हे तिचे विषय. शास्त्रज्ञांमध्ये ती इतकी प्रिय होती की घुबडाच्या अंगावरील एका उवेच्या जातीला लार्सन यांचे नाव देण्यात आले. ऑक्टोबर १९८२ मध्ये या मालिकेत एक चित्र आले. मागे गोठा, पुढे टेबल, टेबलामागे दोन पायांवर उभी असलेली गाय आणि टेबलावर ओबडधोबड चार वस्तू. खाली दोनच शब्द : 'काऊ टूल्स', म्हणजे गायीची अवजारे.

वाचक चक्रावले. पत्रे आली, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून फोन आले. याचा अर्थ काय, असे जो तो विचारू लागला. चारांपैकी एक वस्तू थोडीफार करवतीसारखी दिसत होती. तेव्हा उरलेल्या तीनही कशाच्या तरी असल्या पाहिजेत, त्या ओळखल्या की विनोद उलगडेल, असे धरून लोक डोके खाजवीत बसले. शेवटी लार्सन यांना खुलासा प्रसिद्धीस द्यावा लागला. त्याचा आशय असा : गायीने अवजारे केलीच तर ती अशीच बेढब होतील, एवढेच सांगायचे होते, यापलीकडे काही अर्थ नाही. एक वस्तू करवतीसारखी काढली ही आपली चूक झाली, असेही त्यांनी पुढे कबूल केले.

या विनोदामागे विज्ञानातला एक वाद उभा आहे. अवजारे करणारा प्राणी तो माणूस, अशी व्याख्या दीर्घकाळ चालत आली होती. १९६० साली आफ्रिकेतील गोम्बे येथे जेन गुडॉल यांनी चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना पाहिले. पाने ओरबाडून डहाळी कामाजोगी करतानाही पाहिले. त्यावर त्यांचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी सुचवले की आता अवजाराची व्याख्या बदलली पाहिजे, नाहीतर माणसाची, नाहीतर चिंपांझीला माणसांत घेतले पाहिजे. लार्सन या चर्चेत गायीला आणून उभी करतात. ज्याला ही चर्चा ठाऊक आहे तो गालात हसतो. ज्याला ठाऊक नाही तो टेबलावरच्या वस्तू मोजत बसतो. म्हणजे विनोद कळण्यास लागते ते आधीचे वाचन. आणि वाचन ही जन्मजात बुद्धी नसून मिळालेली किंवा नाकारलेली संधी असते.

हे चित्र मी माझ्या पदवीच्या वर्गात दाखवले. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडून येणारी मुले-मुली. एकाला त्यात मोडका विळा दिसला, दुसऱ्याला चांभाराची रापी. एक मुलगी म्हणाली, तेंदूपान मापात कापायचा पत्र्याचा तुकडा असा असतो. मग मी लार्सन यांचा खुलासा सांगितला. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मागून एक मुलगा म्हणाला, "आमाले त समजलंच होतं, सर. काईच अर्थ नाही, असंच वाटलं होतं. पण आपलं बरोबर असंल, असं वाटलं नाही."

मला हे वाक्य विनोदावरील कित्येक ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटते. अमेरिकेतील वाचकालाही अर्थ कळला नव्हता. पण त्याने फोन उचलला आणि चित्रकाराला जाब विचारला. चित्रकाराने चूक मान्य केली. आमचा विद्यार्थी जाब विचारीत नाही. तो स्वतःलाच दोषी धरतो. न कळणे दोघांचे सारखेच असते; त्याची किंमत मात्र वेगवेगळी मोजावी लागते.

त्या मुलीच्या तेंदूपानाचाही विचार केला पाहिजे. माझी आई विड्या वळायची. तिच्या सुपातला तो पत्र्याचा तुकडा शहरातल्या प्राध्यापकापुढे ठेवला, तर त्यालाही तो निरर्थकच वाटेल. ज्याने ते काम केले नाही, त्याला ते अवजार वेडेवाकडे दिसते. ज्यांच्या हाती रापी आणि आरी आली, त्यांच्या अवजारांवरून त्यांची बुद्धी मापण्याचे काम या देशाने शतकानुशतके केले. लार्सन यांच्या मनात असे काही नव्हते, आणि त्यांच्या चित्रावर तो आरोप लादणे अन्यायाचे होईल. परंतु ओबड अवजार म्हणजे ओबड बुद्धी हे समीकरण आमच्या वाचकाला निव्वळ गंमत म्हणून वाचता येत नाही. त्याला ते सोसलेले आहे.

न हसणाऱ्याला दोषी धरण्याचा हाच प्रकार मे २०१२ मध्ये आपल्या दारात घडला. अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे २८ ऑगस्ट १९४९ चे एक व्यंगचित्र होते. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, त्यांच्या हाती चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हाती उगारलेला चाबूक. भोवती बघ्यांची गर्दी. ११ मे रोजी संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले. दुसऱ्या दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयात मोडतोड झाली. ती मोडतोड निषेधार्हच होती. संविधानाला इतका वेळ का लागला, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा, हा पुस्तककर्त्यांचा हेतूही प्रामाणिक होता.

पण त्यानंतर जो सूर निघाला, त्याची चिकित्सा झाली पाहिजे. दलितांना व्यंगचित्र वाचता येत नाही, नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे, बाबासाहेबांवर नाही, असे आम्हाला समजावण्यात आले. गोगलगाय म्हणजे मंद गती, हा इंग्रजीतून आलेला संकेत. मराठी खेड्यात मंद गती कासवाची. गोगलगायीच्या पोटात पाय असतात, म्हणजे ती वरून गरीब आणि आतून लबाड. शंकर यांच्या चित्रात ज्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही, असे अवजार एकच : चाबूक. तो नेमका कोणावर उगारला आहे, याचा बारीक हिशेब ज्यांच्या पाठीवर तो कधी पडला नाही त्यांनी खुशाल करावा. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. तेथे असा हिशेब करायला कोणाला सवड नव्हती. उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ साली 'नो लाफिंग मॅटर' या पुस्तकात १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे एकत्र आणली, तेव्हा एका चित्रामागे किती चित्रांची रांग उभी आहे, हे दिसून आले.

मग आपण काय करावे? चित्र फाडावे की मुकाट्याने उशिरा हसावे? बाबासाहेबांनी स्वतः काय केले, ते पाहावे. घटना समितीत नझिरुद्दीन अहमद यांनी 'ड्राफ्टिंग कमिटी'वर कोटी करून तिला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी समिती, म्हटले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ती कोटी उचलली. चांगल्याचा शोध घेणे म्हणजे भरकटणे नव्हे, असे सुनावून तिला कौतुकाचे रूप दिले. विलंबाचा आरोप त्यांनी आकड्यांनी खोडला. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने. अमेरिकेचे काम चार महिन्यांत झाले, पण तिच्या घटनेत कलमे सात आणि आपल्या घटनेत ३९५. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विनोद ज्या गृहीतावर उभा होता, ते गृहीतच त्यांनी काढून घेतले. शंकर यांच्या चित्राशेजारी त्या पानावर हे भाषण छापले असते, तर विद्यार्थी त्या चित्रावर हसला असता, रागावला असता किंवा दोन्ही केले असते. पण आपल्या अडाणीपणाची शंका त्याला आली नसती.

विनोदावर बंदी घालून आपला वाचक मोठा होणार नाही. तो मोठा होईल तो "मला हे कळले नाही, कारण सांगा" असे मान वर करून विचारण्याने, आणि "मला कळले, म्हणूनच मी हसत नाही" हेही तितक्याच शांतपणे सांगण्याने. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्यावर याची विशेष जबाबदारी आहे. वर्ग हसत असताना एखादा मुलगा क्षणभर उशिरा हसला, तर तेथे थांबले पाहिजे आणि सबंध वर्गासाठी तो विनोद पुन्हा उलगडला पाहिजे. विनोद कदाचित त्यात मरेल. मरू द्यावा.