श्वासांची मोजदाद

वैद्यकशास्त्रातील निबंधांचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. आणि तो अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. औषधाची मात्रा बरोबर की चूक हे ठरविण्याचा अधिकार वैद्यांचा; तेथे साहित्याच्या अभ्यासकाने ढवळाढवळ न करणे हेच शहाणपणाचे. तथापि ज्या लिखाणात मनुष्याच्या जिवाविषयी काही विधान केलेले असते, ते विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, कोणाच्या दृष्टीने जग पाहून ते केले आहे व कोणास उद्देशून केले आहे, हे तीन प्रश्न कोणाही सुशिक्षित वाचकाने विचारावयाचेच असतात. काव्याच्या बाबतीत आपण ते रोज विचारतो; मग ज्या लिखाणावर सहस्रावधी अर्भकांचे जगणेमरणे अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत संकोच का वाटावा?

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याचे नाव महाराष्ट्रास नवे नाही. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो १९८२ साली. व त्यानंतर चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, हे दोघे तेथे जाऊन राहिले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या तीन लिखाणांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिली दोन ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात १९९० व १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिसरे म्हणजे या शतकाच्या आरंभी मराठीत निघालेला ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूविषयक अहवाल.

प्रथम १९९० च्या निबंधाविषयी. लहान मुलास न्युमोनिया झाला म्हणजे तो आणीबाणीचाच प्रसंग होय. काही तासांत मूल हातचे जाते. परंतु आणीबाणी कोठे सुरू होते? रुग्णालयाच्या दृष्टीने ती त्याच्या दाराशी सुरू होते. आम्ही हे लिहीत आहो ते छत्रपती संभाजीनगरातील शहागंजातून. येथून घाटीचे सरकारी रुग्णालय दूर नाही. रिक्षा मिळाली की मूल थोड्याच वेळात वैद्यांच्या हाती पडते. म्हणूनच आम्हां नगरवासीयांस आणीबाणी म्हणजे प्राणवायूची नळी, सलाईन व धावपळ करणाऱ्या परिचारिका असे वाटत असते. गडचिरोलीच्या रानातील खेड्यात पावसाळ्याच्या मध्यरात्री मुलाचे पोट उडू लागले, तर तेथे दार कोणते व रिक्षा कोणती? तेथे आणीबाणीची पहिली घटका आईच्या मांडीवरच उलटून जाते. हे साधे सत्य ओळखून त्यावर शास्त्र उभारणे, हा या निबंधाचा पहिला गुण आम्ही मानतो.

प्रयोग असा होता. ५८ गावांत आईबापांना या रोगाची लक्षणे समजावून दिली, आणि आरोग्य कार्यकर्ते, गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांस रोग ओळखून कोट्रायमोक्साझोल हे औषध देण्यास शिकविले. तुलनेकरिता ४४ गावे निराळी ठेवली. ज्या ६१२ रुग्ण बालकांस या मंडळींनी औषध दिले, त्यांतील दगावली ती शेकडा ०.८; तुलनेच्या गावांत हेच प्रमाण शेकडा १३.५ होते. वर्षाअखेर न्युमोनियाने होणारे मृत्यू पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे एकीकडे ८.१ व दुसरीकडे १७.५ भरले. या आकड्यांवर अलंकार चढविण्याची गरज नाही, आणि लेखकांनी तो चढविलेला नाही. ज्या विषयात गळा दाटून येणे अगदी सहज आहे, तेथे संयम राखून आकड्यांस बोलू देणे ही शैलीचीच एक सिद्धी होय.

येथे एका छोट्या साधनाचा उल्लेख केल्याविना पुढे जाववत नाही. न्युमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. ती एक मिनिटभर मोजावी लागते. परंतु ज्या सुइणीस पन्नाससाठपर्यंत अंक येत नाहीत, तिने काय करावे? शहागंजात चौकाच्या मधोमध घड्याळाचा जुना मनोरा उभा आहे; मिनिट दाखविणारे यंत्र आपल्याकडे असे चव्हाट्यावर मांडलेले असते. सुइणीपाशी ना घड्याळ ना अंक. तेव्हा बंग दांपत्याने एक मिनिटाची वाळूची घटिका व तारेत ओवलेले मणी यांचे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा; वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर न्युमोनिया समजावा. अडाणी म्हणून जिला आपण बाजूला सारले असते, तिच्या ज्ञानाच्या सीमेशी शास्त्रच वाकून आले. आमच्या मते संपूर्ण संशोधनाचे मर्म या मण्यांत आहे.

१९९९ चा निबंध याहून धाडसी आहे. नवजात बालकाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरणे, म्हणजे ज्यास सेप्सिस म्हणतात, हा विकार रुग्णालयाबाहेर बरा करताच येत नाही, अशी वैद्यकाची दृढ समजूत होती. येथे ३९ गावांतील शिकविलेल्या स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात मुलांची काळजी घेतली, आणि सेप्सिसची चिन्हे दिसताच आईबापांच्या संमतीने जेन्टामायसिनची सुईही टोचली. तुलनेस ४७ गावे होती. आरंभी नवजातांचा मृत्युदर दोन्हीकडे दर हजारी साठाच्या आसपास, म्हणजे ६२ व ५८ होता. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत तो २५.५ वर आला. सेप्सिस झालेल्यांपैकी पूर्वी शेकडा १६.६ मुले जात. उपचार सुरू झाल्यावर शेकडा २.८.

परंतु परीक्षकाने केवळ भाटगिरी करू नये. या निबंधातही दोन उणिवा आहेत. प्रयोगाची व तुलनेची गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. ती आधीपासूनच दोन विभागांत पडलेली होती. त्यामुळे दोहोंमधील एखादा सुप्त भेद फळास कारण झाला नसेल अशी खात्री गणिताने देता येत नाही. दुसरे असे की, सेप्सिसचे शेवटचे आकडे आधीच्या १६३ व नंतरच्या ७१ बालकांचे आहेत, आणि ती तुलना एका काळाची दुसऱ्या काळाशी आहे. भेद इतका मोठा आहे की तो निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. तथापि ‘सुईनेच सारे केले’ असे जो म्हणेल तो निबंधाच्या शब्दांपलीकडे जाईल. ऊब, स्तनपान, स्वच्छता व रोजची भेट यांचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि खेड्यातील आईस तो वेगळा काढून हवाही नसतो.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे, व तो नीतीच्या बाजूने येतो. शहरातील मुलास तज्ज्ञ, आणि रानातील मुलास चार बुके शिकलेल्या बाईच्या हातची सुई. हा गरिबांस गरीब वैद्यक देण्याचा प्रकार नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही. सरकार अशा प्रयोगाचा आधार घेऊन रुग्णालये बांधण्याचे टाळील, तर तो या संशोधनाचा घोर दुरुपयोग होईल. पण आक्षेपाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. ते हे की मोठे वैद्यक नेहमी श्रेष्ठच असते. ते तपासून पाहण्यास आफ्रिकेतील एक प्रयोग उपयोगी पडेल. युगांडा, केनिया व टांझानिया येथील रुग्णालयांत तीव्र तापाने रक्ताभिसरण मंदावलेली ३१४१ मुले त्यात घेतली होती. जुलाबांनी शुष्क झालेली व अतिकुपोषित मुले वगळली होती. अशा मुलांस शिरेतून झपाट्याने द्रव द्यावा, हा आणीबाणीच्या वैद्यकाचा सर्वमान्य परिपाठ. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: ज्यांस झपाट्याने द्रव दिला, त्यांपैकी ४८ तासांत शेकडा साडेदहाच्या आसपास मुले गेली, ज्यांस तसा दिला नाही, त्यांपैकी शेकडा ७.३. कृत्रिम श्वासाची यंत्रे जेथे नाहीत तेथील ही हकीकत असल्याने ती जशीच्या तशी सर्वत्र लावता येणार नाही. परंतु पंडितांचा परिपाठ व सुईण यांस एकाच तराजूत घातल्याविना कोण थोर हे ठरत नाही, एवढे तिने निश्चित शिकविले. गडचिरोलीत सुईण तराजूत बसली आणि उतरली नाही.

आता भाषेकडे वळू. कारण येथे आमचा खरा मतभेद आहे. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी दप्तरात बालमृत्यू प्रत्यक्षाहून फारच थोडे नोंदले जातात ही गोष्ट उजेडात आणली, व महाराष्ट्रात मोठी खळबळ उडविली. अहवालाचे कार्य निःसंशय थोर, पण नाव? पानगळ हा ऋतूचा धर्म आहे. शिशिरात पान गळते त्यात कोणाचा अपराध नसतो, आणि चैत्रात झाडास नवी पालवी फुटली की गळलेल्या पानाची आठवण कोणी ठेवीत नाही. नावाचा कैवारी म्हणेल की कोवळे पान आपोआप गळत नाही, त्या विशेषणातच दोषारोप आहे. हे समर्थन बुद्धीस पटते. कानास मात्र पटत नाही. कानात राहते ती हळहळ. आणि हळहळ कोणाकडेही हिशेब मागत नाही. ज्या अहवालाचे अंतरंग आरंभापासून अखेरपर्यंत हिशेब आहे, त्याच्या कपाळी शोकगीताचे नाव यावे, ही विसंगती होय. न नोंदलेले मूल हे गळलेले पान नसून वहीतून गाळलेली ओळ आहे. आणि ओळ गाळणारा हात ऋतूचा नसतो.

इंग्रजी निबंधांचा दोष याच्या उलट आहे. तेथे हिशेब चोख, पण जिच्या डोळ्यांनी रोग प्रथम पाहिला ती आई आकड्यांआड जाते. ‘पोट उडते’, ‘डबा झाला’ असे आपल्या जुन्या बायका म्हणत. फासळ्यांखालचा भाग श्वासासरशी आत ओढला जाण्याचे इतके नेमके वर्णन पाठ्यपुस्तकातही विरळा. शास्त्रीय निबंधाच्या शिस्तीत हे शब्द मावत नाहीत, आणि मराठी वाङ्मयाने ते उचलून घेतले नाहीत. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठी वाचकाने डोक्यावर घेतले. तेच कष्ट ज्या मुलांसाठी झाले, त्यांच्या छातीचा इतिहास आमच्या दिवाणखान्यांत तितक्या आस्थेने वाचला गेला नाही. प्रौढाचे हृदय हा आमचा विषय, अर्भकाचे फुप्फुस हा नव्हे, असा काहीसा आमच्या अभिरुचीचा दंडक दिसतो. हा दोष लेखकापेक्षा वाचकाचा अधिक.

काळ पुढे गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये न्युमोनियासाठी कोट्रायमोक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिनची शिफारस केली. न्युमोकोकस जंतूवरील लस भारतात २०१७ पासून क्रमाक्रमाने सरकारी कार्यक्रमात आली. आणि घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याचे काम २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविले गेले. म्हणजे प्रयोगातील औषध जुने झाले, पद्धत मात्र जुनी झाली नाही. श्वास मोजावयास अजूनही तेच एक मिनिट लागते. मूल शांत असता किंवा निजले असता मोजावे. दोन महिन्यांखालील बालकात साठ, वर्षाखालील बालकात पन्नास व पाच वर्षांखालील बालकात चाळीस किंवा अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, अथवा मूल अंगावर पिईनासे झाले, तर तत्काळ वैद्य गाठावा. शहागंजातील आईसही हे ठाऊक असणे तितकेच अगत्याचे आहे. कारण रुग्णालय जवळ असले तरी ‘सकाळी पाहू’ हे दोन शब्द ते कोसभर दूर लोटतात.

सारांश, १९९० व १९९९ चे हे निबंध, त्यांच्या मर्यादा ध्यानात घेऊनही, आमच्या प्रांतात लिहिल्या गेलेल्या श्रेष्ठ गद्यात गणावे, असे आमचे मत आहे. त्यांनी मरणास दैव म्हणण्याचे नाकारून ते मोजले, आणि मोजण्याचे साधन जिला अंक येत नव्हते तिच्या हाती दिले. मराठीने आता एवढेच करावयाचे आहे की, या मोजणीस हळहळीचे नव्हे, तर हिशेबाचे नाव द्यावे.