‘बळी’ कुठल्या कपाटात ठेवायची?

मी जाते त्या वाचनालयात ‘स्त्री-साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेलं वेगळं कपाट आहे. ‘पुरुष-साहित्य’ असं कपाट अर्थातच नाही. त्याला नुसतं ‘कादंबरी’ म्हणतात. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) मला त्या पहिल्या कपाटात सापडली. कॉलेजच्या नोट्समध्ये शिरूरकर म्हणजे ‘मध्यमवर्गीय स्त्रीच्या व्यथा’, एवढं एका ओळीत उरकलेलं होतं. तेच मिळणार म्हणून पुस्तक उघडलं, तर आत भलतंच जग. इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं, तारेच्या कुंपणातली वसाहत, हजेऱ्या, पहारा. लेखिकेने सोलापूरच्या अशा वसाहतीत नोकरी केली होती. आता ह्यात ‘स्त्रीच्या व्यथा’ कुठे बसवायच्या?

पण शिक्का आधीच पडला होता. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा गदारोळ झाला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न रखडलेल्या मुली त्यात मोकळेपणाने बोलत होत्या. लोकांना मात्र आधी हवं होतं ते टोपणनावामागच्या बाईचं खरं नाव. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर.

मालतीबाईंचे नवरे विश्राम बेडेकर. त्यांची ‘रणांगण’ १९३९ ची. बोटीवरचं प्रेम, चक्रधर आणि हॅर्टा, युरोपवर येऊ घातलेलं युद्ध. बेडेकर स्वतःही त्याच सुमारास इंग्लंडहून परतले होते. म्हणून कुणी तिला ‘पुरुषाच्या व्यथा’ म्हटलं? चक्रधरचा प्रेमभंग, बायकांवरचा त्याचा राग, हे सगळं आपण ‘मानवी’ म्हणून वाचतो. (मीही तसंच वाचलं, आणि रडले.) बेडेकरांनी स्वतःचं घातलं की ते अनुभवाचं सोनं. मालतीबाईंनी घातलं की ‘हिचंच असणार’, आणि स्वतःपलीकडचं लिहिलं तर तिची नोंदच नाही.

एक कबूल करायला हवं. ते कपाट नसतं, तर ‘बळी’ माझ्या हाती लागली नसती. बायकांचं लेखन हुडकून, जपून ठेवणाऱ्या अभ्यासकांचे उपकार आहेतच. माझी तक्रार पुढची आहे. कपाटात ठेवल्यावर आपण तिची कादंबरी म्हणून झडती घेत नाही. मला ‘बळी’ ‘रणांगण’इतकी बांधीव वाटत नाही. काही ठिकाणी निरीक्षण पात्रांवर कुरघोडी करतं, बाई कार्यकर्तीसारख्या समजावून सांगू लागतात. पण उपकार करणाऱ्याच्या नजरेतसुद्धा कुंपण असतं, हे त्या काळात इतक्या जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी वाचलेलं नाही.

परत करताना मी ‘बळी’ मुद्दाम ‘रणांगण’शेजारी ठेवली. पुढच्या शनिवारी गेले तर पुन्हा जुन्या कपाटात. काउंटरवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “अगं, लेखिका आहे ना ती.”