धुरंधरांची परंपरा कोणती?

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांना परंपरा आणि आधुनिकता यांच्या सीमेवरचे चित्रकार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ‘परंपरा’ म्हणजे कोणती, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. १८९० मध्ये धुरंधर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आले, तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तेथील प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली धुरंधरांनी युरोपीय वास्तवदर्शी रेखन आत्मसात केले. हे रेखन त्यांचा वारसा नव्हता. ती कष्टाने कमावलेली नवता होती. पुढे १९२० नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत त्याच शाळेत भारतीयत्वाचा पुरस्कार सुरू झाला, तोही संचालकाच्या खुर्चीवरून! एका हयातीत नवता जुनी ठरली आणि प्राचीनाकडे वळणे हेच नवे झाले.

‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) या त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकात ‘मी’ नाही. आहे ती संस्था आणि तिथे काढलेल्या वर्षांची मोजदाद. आत्माविष्काराला आधुनिकतेचे गमक मानणाऱ्या वाचकाला हे शीर्षक निरुत्साही वाटेल. मला ते प्रामाणिक वाटते.

धुरंधरांकडे आपले दुर्लक्ष झाले, त्याला मराठी सौंदर्यविचारही काही अंशी जबाबदार आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची घटना उभी केली आणि लौकिक आशयाला सौंदर्याच्या प्रांताबाहेर ठेवले. या निकषापुढे लुगड्याचा काठ, डोक्यावरची पाटी, रस्त्यावरची गर्दी ही केवळ माहिती ठरते. धुरंधरांची प्रतिभा नेमकी या ‘माहिती’तच वावरते.

अर्थात येथे एक अडचण आहे. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकांसाठी धुरंधरांनी चित्रे काढली. दोन्ही लेखक सनदी अधिकारी. जातिजमातींचे नमुने मांडण्याची दृष्टी राज्यकर्त्यांची. धुरंधरांनी ती चौकट स्वीकारली, हे नाकारता येत नाही. पण नमुना स्तब्ध असतो आणि धुरंधरांची रेषा तशी राहत नाही. त्यांच्या स्त्रिया ओझे पेलत, पदर सावरत, शेजारणीकडे वळून चालतात. चौकट साहेबाची आणि चाल मात्र गिरगावातली, असा हा पेच आहे. ‘सीमेवरचे’ या विशेषणाने तो दिसेनासा होतो, म्हणून ते विशेषण मला गैरसोयीचे वाटते.