दोन मेंदू, मधे एक ईमेल

‘टेलिपथी आता शक्य!’ अशा मथळ्याची बातमी तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आली असेल. अशा बहुतेक बातम्यांच्या मुळाशी २०१४ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध असतो. कार्लेस ग्राऊ, जुलिओ रुफिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. संदेश निघाला आपल्या तिरुवनंतपुरमहून आणि पोहोचला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला. प्रयोग चोख आहे. माझा आक्षेप आहे तो शीर्षकातल्या ‘मेंदूकडून मेंदूकडे संवाद’ या दाव्याला.

आधी झालं काय ते बघू. पाठवणाऱ्याच्या डोक्यावर ईईजीची टोपी होती. त्यानं हात हलवण्याची कल्पना केली की १, पाय हलवण्याची केली की ०. हे आकडे संगणकानं ईमेलनं स्ट्रासबर्गला पाठवले. तिथं घेणाऱ्याच्या डोक्याच्या मागच्या भागाला बाहेरूनच चुंबकीय झटका दिला जायचा. याला टीएमएस म्हणतात. डोळ्यांवर पट्टी असूनही उजेड चमकला तर १, नाही चमकला तर ०. त्यानं ते तोंडानं सांगायचं. पाच आकड्यांचं एक अक्षर, आणि अक्षरं जुळवून शब्द झाले ‘ओला’ आणि ‘चाओ’, म्हणजे स्पॅनिश आणि इटालियन नमस्कार.

आता सांगा, यात ‘नमस्कार’ हा विचार कुणाच्या मेंदूतून कुणाच्या मेंदूत गेला? पाठवणाऱ्याच्या मनात हात-पाय होते. घेणाऱ्याला दिसला तो नुसता उजेड. शब्द होता तो दोघांच्या बाहेर, सांकेतिक लिपीच्या तक्त्यात. आपल्याकडे ‘मनकवडा’ म्हणतात तो न सांगता मनातलं ओळखतो. इथं तर एकेक आकडा ठरवून, मोजून पाठवावा लागला. ही तारायंत्राची भावंडं आहेत, मनकवड्याची नव्हेत.

वेग बघा. मिनिटाला साधारण २ आकडे. ‘राणीसावरगाव’ पाठवायचं म्हटलं तर? पाच आकड्यांत ३२ चिन्हं बसतात. आपली वर्णमाला, काना-मात्रा धरून, त्यात मावत नाही. सहा आकडे घ्यावे लागतील. या नावात अक्षरं आणि मात्रा मिळून ११ चिन्हं, म्हणजे ६६ आकडे, म्हणजे ३३ मिनिटं. तेही एकही चूक झाली नाही तर. पहिल्या प्रयोगात एकूण चुका ११ टक्के होत्या, दुसऱ्यात ४. अकरा टक्क्यांच्या हिशेबानं पाच आकड्यांचं एक अक्षर बिनचूक पोहोचण्याची शक्यता जेमतेम ५६ टक्के निघते. म्हणूनच लेखकांनी चार अक्षरी शब्दाचे २० आकडे सात-सात वेळा, एकूण १४० पाठवले. शब्द शेवटी बरोबर पोहोचले, पण या पुनरावृत्तीच्या जोरावर.

श्रेय द्यायचं तिथं द्यायलाच हवं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या राजेश राव यांच्या गटानं याच सुमारास केलेल्या प्रयोगात टीएमएसनं घेणाऱ्याचा हात आपोआप हलायचा. संदेश काय आला हे त्याला कळण्याची गरजच नव्हती. ग्राऊंच्या प्रयोगात माणसाला उजेड जाणवला, त्यानं तो ओळखून सांगितला. ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द त्यांनी कमावलेला आहे.

पण मग हे कुणाच्या कामाचं? बातम्यांत उत्तर ठरलेलं: लकव्यानं वाचा गेलेल्यांच्या. इथंच मथळा लोकांना फसवतो. समजा, राणीसावरगावातल्या एखाद्या घरात असा पेशंट आहे. त्याला हवाय तो प्रयोगाचा पहिला अर्धा भाग: मेंदूतली खूण पकडून पडद्यावर ‘हो’, ‘नाही’, ‘पाणी’ दाखवणारं यंत्र. दुसरा अर्धा भाग कशाला? त्याच्या बायको-मुलांचे डोळे आणि कान शाबूत आहेत. त्यांच्या डोक्याला चुंबकीय झटके देऊन काय मिळणार? शिवाय टीएमएस सगळ्यांना चालत नाही. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा डोक्यात धातूचा तुकडा असेल, तर सहसा टाळतात.

‘मेंदू ते मेंदू’ म्हटलं की कौतुक दोन्ही टोकांना विभागलं जातं, आणि पैसाही. गरज मात्र एकाच टोकाला आहे: स्वस्त, रोज वापरता येईल अशी आणि मराठी अक्षरं ओळखणारी टोपी. पुढच्या वेळी ‘टेलिपथी’चा मथळा दिसला, तर त्या टोकाचं किती काम झालंय तेवढं आधी बघा.