बाबेलचे नाव नसलेली प्रार्थना

दानीएलाच्या पुस्तकाचा नववा अध्याय पुष्कळ जण शेवटाकडून वाचतात. तिथे गब्रीएल देवदूत सत्तर सप्तकांचे भाकीत सांगतो आणि मग वर्षांची बेरीज-वजाबाकी सुरू होते. त्या हिशेबाच्या नादात आधीची सतरा वचने मागे पडतात. मला तर सिंहांच्या गुहेपेक्षाही जास्त धीटपणा या सतरा वचनांत दिसतो. परक्या मुलखात म्हातारा झालेला एक माणूस आपल्या उद्ध्वस्त देशाच्या वतीने पाप पदरी घेतो, एवढीच तिथली घटना.

प्रार्थनेचा उगम वाचनात आहे. दारयावेश राजाच्या पहिल्या वर्षी दानीएल यिर्मयाची वचने वाचतो. यरुशलेमेच्या ओसाडीची मुदत तिथे सत्तर वर्षे सांगितली आहे आणि ती आता भरत आली आहे. शिक्षा संपत आल्याचे कळले की माणूस गाठोडे बांधायला घेईल, चार घरी जाऊन आनंदाने सांगेल. दानीएल उपास धरतो, गोणताट नेसतो, अंगाला राख फासतो. हे विचित्र वाटते, पण यिर्मयाने बंदिवासातल्या लोकांना लिहिलेले पत्र काढून पाहावे. सत्तर वर्षांनी परत आणण्याचे वचन आणि लोकांनी मनापासून देवाला शोधण्याची गोष्ट तिथे लागोपाठ येतात. दानीएलाने सुटकेची तारीख तेवढी टिपून घेतली नाही, पत्र पुरते वाचले.

मग कबुली येते, आणि ती घाईने उरकलेली नाही. पाचव्या वचनात पाच क्रियापदे एकामागून एक पडतात: चुकण्यापासून निघून दुष्टपणा, बंड आणि आज्ञांकडे पाठ फिरवण्यापर्यंत. एका शब्दात भागले असते. पण एका शब्दाच्या कबुलीत लपायला जागा राहते. पुढे संदेष्ट्यांचे कोणी ऐकले नाही याची यादी येते. राजे, सरदार, वाडवडील, देशातले झाडून सारे लोक, अशी ती सिंहासनापासून खाली उतरते. राजांवर ठपका ठेवून रयतेला मोकळे सोडलेले नाही, आणि प्रजाच तशी होती म्हणून राजेही सुटलेले नाहीत.

या यादीत दानीएल स्वतः उभा राहतो, आणि इथे प्रार्थनेचा खरा कस आहे. याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याच्यावर जळणारे अधिकारी त्याच्या कारभारात खोट शोधून थकले होते. बाबेलात आणला गेला तेव्हा तो कोवळा मुलगा होता. यहूदाच्या राजांनी ज्या मूर्तिपूजेने आणि अन्यायाने देश बुडवला, त्यातले बहुतेक त्याच्या जन्माआधीचे. ‘त्यांनी पाप केले, आम्ही भोगतो आहोत’ असे तो म्हणाला असता, तर ते इतिहासाला धरूनच झाले असते. सतरा वचनांत ते वाक्य कुठेही नाही. प्रार्थना संपल्यावर तो निवेदन करतो, तेव्हाही आपल्या पापाचा उल्लेख आधी करतो, लोकांच्या पापाचा नंतर.

आणखी एक गोष्ट सावकाश वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. या प्रार्थनेत बाबेलचे नावच नाही. ज्यांनी मंदिर जाळले, लोकांना हाकलत नेले, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, शापही नाही. १३७वे स्तोत्र याच बंदिवासातून आले आणि ते सूड मागते. त्या आक्रोशालाही पवित्र शास्त्रात जागा आहे, ती नाकारायचे मला कारण नाही. पण दानीएल देशासाठी तोंड उघडतो तेव्हा शत्रूची तक्रार बाजूला ठेवतो. मायदेशी परतण्याची मागणीही तो उघडपणे करत नाही. आधी आमचे म्हणून जे आहे ते सारे पाप आणि लाज. नंतर नगर, पर्वत, पवित्रस्थान आणि शेवटी हे लोकसुद्धा देवाचे म्हणून त्याच्यापुढे ठेवले जातात. आपल्या पदरी पुण्य नाही, भिस्त त्याच्या दयेवर आहे, हे तो स्पष्ट सांगतो. एकोणिसाव्या वचनात लांब वाक्ये तुटतात आणि धाप लागल्यासारखी छोटी छोटी विनवणीची क्रियापदे उरतात.

गब्रीएल येतो ती वेळ संध्याकाळच्या अर्पणाची. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर पडले. कथेच्या काळात जवळजवळ अर्धशतक तिथे ना वेदी, ना अर्पण. तरी दानीएलाच्या दिवसाचे प्रहर मंदिराचेच आहेत. हे पुस्तक आजच्या रूपात इ.स.पू. दुसऱ्या शतकात सिद्ध झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा अंतियोख राजाने मंदिरातले नित्य अर्पण बंद पाडले होते. त्या वाचकांना हा उल्लेख किती झोंबला असेल!

दानीएल एकटा आहे. नहेम्याच्या पुस्तकात, योगायोगाने नवव्याच अध्यायात, अख्खा समाज गोणताट नेसून उभा राहतो. दिवसाचा एक चतुर्थांश नियमशास्त्राचे वाचन, एक चतुर्थांश पापांगीकार आणि आराधना. आपल्या मंडळ्यांतही उपासनेत देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना होते. त्यात मागणे बहुधा भरपूर असते. पण देशाच्या दोषात आपला वाटा कोणता, हे बोलायची वेळ आली की आपण चटकन ‘देशातल्या लोकांच्या’ पापांकडे वळतो, असे मला वाटते.

हा वाटा उचलणे किती जड जाते, ते १९४५ साली जर्मनीत दिसले. १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी श्टुटगार्टच्या मार्कुस चर्चमध्ये पाळक मार्टिन नीमोलर यांनी यिर्मयाच्या चौदाव्या अध्यायावर उपदेश केला. दुष्काळात सापडलेले लोक तिथे आपली पापे मान्य करून देवाला विनवतात, आणि या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस असे देव संदेष्ट्याला बजावतो. युद्धानंतरच्या जर्मनीत यापेक्षा कठोर उतारा निवडता आला नसता. पुढच्या दोन दिवसांत इव्हॅन्जेलिकल चर्चच्या परिषदेने अन्य देशांतून आलेल्या ख्रिस्ती प्रतिनिधींपुढे दोषस्वीकाराचे निवेदन ठेवले. त्यावर नीमोलर यांची सही आहे. १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत ते हिटलरच्या कैदेत होते. सही न करण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. आमच्यामुळे अनेक देशांवर अपार दुःख ओढवले, असे त्यांनी इतरांसोबत मान्य केले. मायदेशातल्या लोकांचा संतापही त्यांना सोसावा लागला.

तरीही दानीएलाशेजारी ठेवून वाचले की ते निवेदन उणे वाटते. आमचे धैर्य, प्रार्थना, विश्वास, प्रेम अधिक असायला हवे होते, अशा तुलनेच्या भाषेत ते बोलते. म्हणजे थोडेफार तरी होते, असा आधार त्यात शिल्लक राहतो. दानीएलाची पाच क्रियापदे असा आधार ठेवत नाहीत. आणि दानीएल, नहेम्या, यिर्मया ज्यांचे, ज्यांच्याकडून ख्रिस्ती लोक ही प्रार्थना शिकले, त्या ज्यूंचे नाव त्या निवेदनात नाही. त्यासाठी एप्रिल १९५० उजाडावा लागला. बर्लिनमधल्या वाइसेनझे इथे भरलेल्या याच चर्चच्या महासभेने तेव्हा, आपण कर्तव्यात चुकलो आणि गप्प राहिलो म्हणून ज्यूंवरच्या अत्याचारांत दोषी आहोत, असे त्यांचे नाव घेऊन कबूल केले.